प्रश्न उद्भवत नाही

विधिमंडळातील प्रश्नोत्तरांच्या याद्या ज्यांनी चाळल्या असतील त्यांना त्या भाषेचा साचा परिचयाचा आहे. सभासद विचारतो : अमुक गावच्या दलित वस्तीतील विहीर कोरडी पडली आहे, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? मंत्री उत्तर देतो : (१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही. पहिल्या उपप्रश्नाला नकार दिला की पुढचे सगळे आपोआप मरतात. विहीर कोरडीच असते.

आपल्या चळवळीचा इतिहास आपण महाड, नाशिक, येवले, नागपूर असा रणभूमीचा इतिहास म्हणून लिहिला. ते योग्यच झाले. माणसे तिथे उभी राहिली, डोकी तिथे फुटली. परंतु ह्याच काळात कायदेमंडळाच्या सभागृहात एक वेगळी लढाई चालू होती. तिच्यात ना घोषणा होत्या ना मिरवणूक. फक्त प्रश्न होते आणि त्यांना दिलेली किंवा टाळलेली उत्तरे होती. त्या लढाईकडे आपल्या अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. कार्यकर्ता म्हणतो, सभागृहात काय घडणार? प्राध्यापक म्हणतो, हा राज्यशास्त्राचा विषय आहे, समाजाचा नव्हे. मला दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात. सरकारने कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिले ह्यावरून सरकारच्या लेखी कोण माणूस आहे आणि कोण नाही हे जितके स्पष्ट कळते तितके ते कोणत्याही भाषणावरून कळत नाही.

प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्या देशात तसा जुना नाही. १८६१ च्या कायद्याने जी मंडळे निर्माण झाली त्यांत सभासदाने सरकारला काही विचारायचे नव्हते. पुढे आलेल्या विधेयकावर बोलायचे, संपले. १८९२ च्या कायद्याने प्रश्नाची मुभा मिळाली, तीही पूर्वसूचना देऊन, आणि उत्तरावर चर्चा करायची नाही अशा अटीवर. मध्यवर्ती कायदेमंडळातील पहिला प्रश्न १६ फेब्रुवारी १८९३ रोजी विचारला गेला. विचारणारे होते अयोध्या प्रांतातील भिनग्याचे महाराज. विषय खेड्याचा होता : सरकारी अधिकारी दौऱ्यावर निघाले म्हणजे त्यांच्या लवाजम्याला शिधासामग्री पुरवावी लागते आणि त्यामुळे गावच्या दुकानदारांना त्रास होतो.

ह्या पहिल्या प्रश्नाजवळ थोडे थांबले पाहिजे. प्रश्नकर्ता राजा आहे. ज्यांच्यासाठी प्रश्न विचारला ते दुकानदार आहेत. साहेबाच्या मुक्कामाला पीठ, तूप, कोंबडी गेली त्याचे पैसे वाण्याला वेळेवर मिळाले नाहीत, ही तक्रार खोटी नव्हे. पण ते पीठ मुक्कामावर नेऊन कोणी पोचवले? तंबूचे ओझे कोणी वाहिले, घोड्याला गवत कोणी कापून आणले, रात्री शेकोटीपाशी कोण जागला? आपल्याकडे ह्या साऱ्याला वेठ म्हणत आणि ती महाराच्या वाट्याची होती. इतर प्रांतांत ती तिथल्या तिथल्या अस्पृश्य जातींच्या वाट्याची होती. वाण्याचा तोटा सभागृहात पोचला. वेठकरी मात्र पोचला नाही, कारण त्याचा तोटा तोटा म्हणून मोजण्याची पद्धतच नव्हती. पहिल्या दिवसापासून खेड्याचे प्रश्न सभागृहात येत होते. प्रश्न एवढाच की खेडे म्हणजे कोण?

१९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला पुरवणी प्रश्न विचारण्याची सवलत दिली, आणि १९१९ च्या कायद्याने ती प्रत्येक सभासदाला मिळाली. हा बदल दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. लेखी उत्तर कचेरीतला कारकून तयार करतो. पुरवणी प्रश्नाला मंत्र्याला स्वतः तोंड उघडावे लागते. पण त्याच कायद्याने द्विदल राज्यपद्धती आणली आणि एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले. आरोग्य, दवाखाने, शेती, मत्स्यव्यवसाय, शिक्षण, स्थानिक स्वराज्य ही खाती सोपीव म्हणून लोकनियुक्त सभासदांतून घेतलेल्या मंत्र्यांकडे गेली. जमीन महसूल, पोलीस, पाटबंधारे ही राखीव म्हणून गव्हर्नराच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली. राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ही विभागणी घटनात्मक प्रगतीचा एक टप्पा म्हणून शिकवली जाते, मीही ती तशीच शिकलो. ज्याला पोट आणि पाठ एकाच अंगावर असतात त्या माणसाच्या बाजूने ती पाहिली तर वेगळी दिसते.

उदाहरणार्थ मासेमारी. मत्स्यव्यवसाय सोपीव, म्हणजे मंत्र्याकडे. पण मासळी खारवायला मीठ लागते आणि मीठ मध्यवर्ती सरकारकडे. मासळी वाळवायला किनाऱ्याची जागा लागते आणि जागा महसूल खात्याकडे, म्हणजे राखीव. कुलाबा किंवा रत्नागिरी जिल्ह्यातील कोळ्याचे गाऱ्हाणे कोणी सभागृहात मांडायचे ठरवले असते तर त्याला तीन दारे ठोठवावी लागली असती आणि प्रत्येक दारात दुसरे दार दाखवले गेले असते. मुंबई सरकारने १९२१-२२ मध्ये ‘विल्यम कॅरिक’ नावाची वाफेवर चालणारी ट्रॉलर बोट आणून मुंबईबाहेरच्या समुद्रात मासेमारीचे प्रयोग केले. प्रयोग परवडला नाही आणि गुंडाळला गेला. सरकारला मत्स्यव्यवसाय ह्या शब्दाने बोट आठवली, मिठाची गोण आठवली नाही. पुढे साठ वर्षांनी, १९८१ मध्ये, महाराष्ट्राला सागरी मासेमारी नियमनाचा कायदा करावा लागला. यांत्रिक ट्रॉलर आणि पारंपरिक मच्छीमार ह्यांचा तंटा तोपर्यंत किनाऱ्यावरच्या प्रत्येक बंदरात पेटला होता. समुद्र कोणाचा, हा प्रश्न तसा १९२१ मध्येच विचारता आला असता.

आता पाण्याकडे येऊ. मुंबई कायदेमंडळात १९२१ मध्ये अस्पृश्यवर्गाचे प्रतिनिधी म्हणून ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप ह्यांची नियुक्ती झाली. ‘मूकनायक’शी त्यांचा संबंध सर्वांना ठाऊक आहे. शंभराहून अधिक सभासदांच्या सभागृहात एक माणूस, तोही निवडून आलेला नव्हे तर सरकारने नेमलेला. अशा सभागृहात पाण्याचा ठराव आणला तो सीताराम केशव बोले ह्यांनी, ४ ऑगस्ट १९२३ रोजी. बोले भंडारी समाजाचे, कोकणातले, मुंबईच्या कामगारांत काम केलेले. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या व चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. तो मंजूर झाला. ११ सप्टेंबर १९२३ रोजी सरकारने खातेप्रमुखांना तसे कळवले.

ह्या ठरावातील ‘दवाखाने’ हा शब्द आपण बहुधा घाईने ओलांडतो. आपल्या स्मरणात तो चवदार तळ्याचा ठराव आहे, म्हणजे पाण्याचा. पण दवाखाना सार्वजनिक पैशाचा असूनही तो खुला करा असे कायदेमंडळाला सांगावे लागले, ह्याचाच अर्थ तो बंद होता. सार्वजनिक हा शब्द तोवर कोणाकोणाला धरून वापरला जात होता, ह्याची ही सरकारदरबारी नोंदलेली कबुलीच म्हणायची.

ठराव झाला, पुढे काय? महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. इतर बहुतेक ठिकाणी कागद कागदाला भेटला आणि फायलीत गेला. म्हणून बोल्यांनी ५ ऑगस्ट १९२६ रोजी पुन्हा ठराव आणला : ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे हा ठराव पाळत नाहीत त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. तीन वर्षांत बोल्यांना एक गोष्ट उमगली होती. सवर्णाच्या सदसद्विवेकापेक्षा नगरपालिकेची तिजोरी लवकर हलते.

तरी द्विदल पद्धतीची मेख होतीच. तळे नगरपालिकेचे, म्हणजे सोपीव खाते. तळ्यावर जाणाऱ्यांच्या डोक्यात काठी पडली तर पोलीस, म्हणजे राखीव खाते. तळे खाजगी आहे असे कोणी म्हटले तर दिवाणी न्यायालय. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले आणि परतताना मार खाल्ला. त्या वर्षी ४ ऑगस्टला महाड नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द केला. बोल्यांच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. डिसेंबरात दावा दाखल झाला आणि मनाई हुकूम आला. मुंबई उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी. कायदेमंडळाने जे १९२३ मध्ये मान्य केले होते ते चौदा वर्षांनी न्यायालयात सिद्ध झाले, तेसुद्धा एका तळ्यापुरते.

महाडच्या त्या मार्चमध्ये बाबासाहेब स्वतः कायदेमंडळाचे सभासद होते, ह्याची आठवण आपण क्वचितच ठेवतो. गव्हर्नराने त्यांची आणि डॉ. पुरुषोत्तम सोळंकींची नियुक्ती केली होती. १८ फेब्रुवारी १९२७ ला त्यांनी शपथ घेतली आणि २४ तारखेला अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. म्हणजे एकाच महिन्याच्या आत ते सभागृहात आकडे मागत होते आणि तळ्यावर ओंजळ भरत होते. हे दोन वेगळे बाबासाहेब नाहीत. सरकारने नेमलेला सभासद सरकारला अडचणीत आणणार नाही, हे गृहीत धरून नेमणुका होत असत. ह्या गृहीतकाचे पुढे काय झाले ते सरकारलाच चांगले ठाऊक होते.

त्या काळातील त्यांच्या सभागृहातल्या कामाकडे पाहिले की एक पद्धत लक्षात येते. अन्याय होतो असे मोघम म्हणायचे नाही. किती, कोठे, कोणत्या नियमाखाली, हे विचारायचे. पोलिसांत किती, कचेरीत किती, वसतिगृहाला किती, शिष्यवृत्तीला किती. अर्थशास्त्राचा हा विद्यार्थी जाणत होता की राज्यसंस्थेच्या दृष्टीने जे मोजलेले नाही ते अस्तित्वात नाही. म्हणून ‘माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तरसुद्धा त्यांच्या दृष्टीने उत्तर होते. माहिती नसणे हीच सरकारची भूमिका आहे, हे त्यातून छापील स्वरूपात सिद्ध होत असे.

ह्या पद्धतीचा सर्वांत सखोल वापर महार वतनाच्या बाबतीत झाला. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक त्यांनी १९ मार्च १९२८ रोजी मांडले आणि ३ ऑगस्टला त्यावर मुख्य भाषण केले. महार हा सरकारचा नोकर, पण पगार देणार गाव. काम ठरलेले नाही, वेळ ठरलेली नाही, घरातला एक आजारी पडला तर दुसऱ्याने हजर व्हायचे. वतनाची जमीन पूर्ण सारा भरून महाराच्या मालकीची करावी, बलुत्याऐवजी रोख रक्कम द्यावी, कामे नेमकी लिहून काढावीत, असा त्या विधेयकाचा आशय. माझ्या आजोबांकडे येसकरकी होती. गावात कोणी मेले, पटकी आली, गुरे दगावली की वर्दी घेऊन चालत जाणे हे त्यांचे काम. त्यांना स्वतःला ताप असला तरी साथीची वर्दी त्यांनीच द्यायची. गावाच्या आरोग्याची आकडेवारी जिल्ह्याला ज्याच्या पायांनी पोचत होती त्याला दवाखान्याच्या पायरीवर उभे करत नसत. ही गोष्ट मला घरात ऐकून ठाऊक होती. तिला कायद्यात नाव आहे हे पदवीच्या वर्गात गेल्यावर, ते विधेयक वाचल्यावर कळले.

विधेयक निवड समितीकडे गेले आणि तिथून इतके बदलून निघाले की १९२९ मध्ये त्यांनी ते मागे घेतले. वतन राखीव महसूल खात्याचे होते. सरकारला इतक्या स्वस्तात इतकी माणसे दुसरीकडे मिळणार नव्हती. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा शेवटी १९५८ चा, आणि अंमलबजावणी १९५९ मध्ये. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मांडलेल्या खोती नष्ट करण्याच्या विधेयकाचेही तेच झाले. पाठोपाठ जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो कुळे मुंबईत सभागृहावर चालून आली, तरी खोती कायद्याने संपली ती १९४९ मध्ये.

आरोग्याच्या बाबतीत कायदेमंडळ थोडे अधिक हलले, कारण तिथे गिरणी कामगार स्त्रियांचा संबंध होता आणि मुंबई शहर जवळ होते. प्रसूतिकालीन सवलतींच्या विधेयकाला बाबासाहेबांनी २८ जुलै १९२८ रोजी पाठिंबा दिला. विश्रांतीचा भार काही अंशी सरकारने उचलावा, कारण त्यात राष्ट्राचे हित आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ मध्ये कायदा झाला. त्याच वर्षी, १२ डिसेंबरच्या ‘यंग इंडिया’त, काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र छापले गेले. बाळंत झालेली बायको आजारी. डॉक्टर वस्तीबाहेर उभा. थर्मामीटर आधी मुसलमानाच्या हाती, मग नवऱ्याच्या, मग बायकोच्या, आणि त्याच क्रमाने परत. न तपासता औषध. बाई दगावली. बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत हे पत्र दिले आहे. मुंबईच्या गिरणीतील बाईसाठी कायदा होत असताना काठेवाडातील बाईसाठी प्रश्न विचारायला सभागृहच नव्हते, संस्थानी मुलूख. आणि सभागृह असते तरी दवाखान्याच्या दारातला स्पर्श कोणत्या खात्याकडे, सोपीव की राखीव?

१९३७ नंतर निवडून आलेले मंत्रिमंडळ आले, द्विदल पद्धती प्रांतांतून गेली, सगळी खाती मंत्र्यांकडे आली. टोलवायला दुसरे दार उरले नाही. तरी १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाचे प्र. ज. रोहम ह्यांनी संततिनियमनाच्या प्रचाराचा ठराव मांडला, बाबासाहेबांनी तयार केलेले भाषण वाचले, आणि तो फेटाळला गेला. गरीब स्त्रीच्या शरीराचा प्रश्न सभागृहाला लाजेचा वाटला. नकारासाठी गव्हर्नराची गरज असते हा गैरसमज त्या दिवशी दूर झाला.

इथवर आपण प्रश्न विचारणाऱ्याच्या बाजूला उभे आहोत. पण इतिहास एवढा सोयीचा नाही. १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि मध्यवर्ती कायदेमंडळात उत्तरे देण्याच्या बाकावर बसले. १९४३ मध्ये युद्धकाळातील कोळशाच्या टंचाईचे कारण देऊन सरकारने खाणींत भूमिगत काम करण्यास स्त्रियांना असलेली बंदी उठवली. ८ फेब्रुवारी १९४४ रोजी ह्यावर तहकुबी सूचना आली आणि तिला उत्तर द्यावे लागले ते त्यांना. परिस्थिती आणीबाणीची आहे, उपाय तात्पुरता आहे, आणि ह्या स्त्रियांना पुरुषांइतकेच वेतन मिळेल, असा त्यांचा बचाव होता. बंदी १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली. मधल्या काळात खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला, खाणीतील स्त्रियांच्या प्रसूति-सवलतींचा कायदा सुधारला. ह्या प्रसंगावर आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही. भक्ताला तो अडचणीचा वाटतो आणि निंदकाला तो पुरेसा ठाऊक नसतो. मला तो महत्त्वाचा वाटतो. प्रश्न विचारण्यात ज्याची हयात गेली तो माणूस उत्तर देताना ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे म्हणाला नाही. निर्णय कोणाला पटो न पटो, त्याने कारणे दिली, मुदत मान्य केली.

स्वातंत्र्यानंतर राखीव जागांवरून आलेल्या सभासदांची संख्या वाढली. १९५७ च्या लोकसभेत दादासाहेब गायकवाड होते. भूमिहीनांच्या जमिनीचा प्रश्न त्यांनी सभागृहात धरला आणि तोच घेऊन १९५९ व १९६४ मध्ये रस्त्यावर उतरले. तुरुंग भरले म्हणून प्रश्न ऐकला गेला. ज्यांच्यामागे असा समुदाय नव्हता त्यांचे प्रश्न यादीत छापले गेले, इतकेच. संयुक्त मतदारसंघातून आलेला सभासद पहिला प्रश्न आपल्या समाजाचा विचारतो, पण पुरवणी प्रश्नाच्या वेळी त्याला पक्षाचा प्रतोद दिसू लागतो. पुणे कराराची किंमत आपण जागांच्या आकड्यांत मोजतो. ती न विचारलेल्या पुरवणी प्रश्नांतही मोजली पाहिजे.

आणि द्विदल पद्धती कागदावरून गेली तरी तिची खोड गेली नाही. भंडाऱ्यासारख्या तळ्यांच्या जिल्ह्यात आज तलावातील पाणी एका खात्याचे, मासळीचा ठेका दुसऱ्या खात्याकडून, बुडीत जमीन तिसऱ्याची. ढिवर समाजाच्या संस्थेने गाऱ्हाणे कोठे न्यायचे? महाराष्ट्र सरकारने २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलितांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरवले. तो कागद घेऊन तलाठ्याकडे गेलेला माणूस वनखात्याकडे, तिथून ग्रामपंचायतीकडे आणि तिथून पुन्हा तलाठ्याकडे कसा येतो, हे गायरान चळवळीत काम केलेल्यांना सांगायला नको.

अलीकडच्या दोन नोंदी देऊन थांबतो. २८ जुलै २०२१ रोजी राज्यसभेत हाताने मैला उचलण्याच्या कामात झालेल्या मृत्यूंबद्दल मल्लिकार्जुन खर्गे आणि एल. हनुमंतय्या ह्यांनी प्रश्न विचारला. सामाजिक न्याय खात्याचे राज्यमंत्री रामदास आठवले ह्यांचे उत्तर होते की असा एकही मृत्यू नोंदला गेलेला नाही. त्याच अधिवेशनात त्याच खात्याने सांगितले की गटारे आणि मैलाटाक्या साफ करताना ९४१ माणसे मेली आहेत. दोन्ही उत्तरे कायद्यातील व्याख्येनुसार बरोबर आहेत. विचारणारा दलित, उत्तर देणारा दलित, मेलेले दलित. आणि मधे एक व्याख्या.

त्याआधी, सप्टेंबर २०२० मध्ये, साथीचे कारण देऊन संसदेच्या अधिवेशनातून प्रश्नोत्तराचा तास काढून टाकण्यात आला. प्रश्न लेखी, उत्तर लेखी, पुरवणी प्रश्न नाही. टाळेबंदीत पायी घरी निघालेले किती मजूर वाटेत मेले आणि त्यांच्या कुटुंबांना काही मदत दिली काय, असे त्या अधिवेशनात लोकसभेत विचारले गेले. मजूर खात्याने उत्तर दिले : अशी आकडेवारी ठेवलेली नाही. मदतीच्या उपप्रश्नापुढे लिहिले होते : वरील उत्तर पाहता, प्रश्न उद्भवत नाही.